मामाचे पॉइंट

सगळ्या भिवंडी तालुक्यात बँकेला गंडवणारा माणूस एकच आणि तो म्हणजे आपण, अशी माझ्या मामाची स्वतःबद्दल ठाम समजूत होती. बँकेने त्याचं पुढे सगळं नेलं, पण ही समजूत तेवढी तिला नेता आली नाही. आता मी कोण, तर कर्जाच्या सापळ्याविरुद्ध पत्रकं लिहिणारा, ती नाक्यानाक्यावर वाटणारा, भोंगा हातात धरून घसा फोडणारा त्याचा भाचा. ‘आज कार्ड घासाल, उद्या नाक घासाल!’ हे पत्रक माझंच. त्याचा एक जाडजूड गठ्ठा मी वडप्याला मामाच्या घरी ठेवला होता, गावात वाटायला. महिन्याने गेलो तर गठ्ठा अर्ध्यावर आलेला. मला भरून आलं. मग कळलं, पत्रकाची मागची बाजू कोरी होती आणि मामा तिच्यावर आपल्या क्रेडिट कार्डाच्या पॉइंटचे हिशेब मांडत होता. “कागद मस्त हाय रं तुझा,” तो म्हणाला, “शाई फुटत न्हाय.”

मामाकडे पांढरी सात सीटची गाडी होती. खारबाव स्टेशनवरून गोदामांत कामाला येणाऱ्या बायकांना तो शिफ्टप्रमाणे आणायचा-न्यायचा. गाडी अर्थात हप्त्यावर. कार्ड त्याला गोदामाच्या गेटवर टेबल टाकून बसलेल्या एका टायवाल्याने दिलं. आधार, पॅन आणि दोन सह्या, झालं. शेतकऱ्याच्या दाखल्याला सहा महिने हेलपाटे घालायला लावणारा देश कर्ज द्यायला मात्र पेन घेऊन तुमच्या दारात उभा असतो, हे मी मामाला तेव्हाच सांगितलं. तो ऐकत नव्हता, कार्डावरचा प्लास्टिकचा पापुद्रा न काढता ते पाकिटात कसं बसेल ते बघत होता. त्याच्या डोक्यात किडा शिरला होता: गाडीचा हप्ता कार्डाने भरायचा आणि त्यावर पॉइंट मिळवायचे. आता हप्ता काही थेट कार्डाने भरता येत नव्हता. पण नाक्यावरच्या मोबाइलवाल्याकडे मशीन होतं. मामा दर महिन्याला तिथे कार्ड घासायचा, मोबाइलवाला न विकलेल्या मोबाइलचं बिल फाडायचा, शंभराला दोन रुपये कापून घेऊन बाकीची रोकड हातात ठेवायचा, आणि ती मामा हप्त्यासाठी बँकेत भरायचा. मी एकदा सोबत गेलो आणि भांडलो. मोबाइलवाला शांतपणे म्हणाला, “भाई, मामा को समझाओ, मुझे क्यूं? मैं तो दुकान खोल के बैठा हूं.” मामाला विचारलं, शंभराला दोन रुपये तू देतोस, पॉइंट येतात त्यांचे चार आणेसुद्धा होत नाहीत, मग फायदा कसला? मामा माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत राहिला. “दोन रुपये त्याला जातात. पॉइंट मना येतात. दोन वेगली खाती हायत. तुला राजकारण कलतं, ह्यातला काय कलत न्हाय.” वर आणखी एक होतं. कार्डाचं बिल पन्नास दिवसांनी भरायचं. “म्हंजे पन्नास दिस बँक आपला गडी!”

पुढे पुढे तर कुणाचंही बिल दिसलं की मामाचा हात खिशात जायचा. पेट्रोल पंपावर पुढच्या गाडीचं, मेडिकलमध्ये अनोळखी माणसाच्या गोळ्यांचं. “थांबा! रोख मना द्या, कार्ड माझा मारा!” शेजारचे आजोबा वारले तेव्हा मडकं, बांबू आणि पांढरं कापड आणायला आम्ही दोघे बाजारात गेलो. दुकानदाराने सामान बांधलं, मामाने खाली मान घालून अत्यंत गंभीर आवाजात विचारलं, “मशीन हाय का?” दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी रस्त्याकडे.

हे सगळं चाललं होतं मामीच्या विमानासाठी. लग्नानंतर पहिल्या वर्षी भाताची लावणी करताना मामीने वर बघून म्हटलं होतं, “वरून आपला शेत कसा दिसत असंल?” एवढंच. ती विसरलीसुद्धा. शेत गोदामाखाली गेलं, तरी मामा विसरला नाही. पॉइंट भरले की दोन तिकिटं, असं ठरलं होतं. अर्धा टप्पा गाठल्यावर त्याने काही पॉइंट मोडून चाकांची निळी बॅग मागवली. विमानाला तीच लागते म्हणे. मामीने ती माळ्यावर ठेवली, त्यात तांदूळ भरले आणि मला म्हणाली, “भाचेबुवा, तुमच्या मामांचा विमान आला, बघा. आता फक्त पंख यायचे राह्यलेत.”

मग मामीच्या भावाच्या मुलीचं लग्न निघालं. मामाला आकाश ठेंगणं! साड्या, मांडव, हळदीचं जेवण, सगळं मामाच्या कार्डावर. पाव्हणे रोख नंतर देणार. ते ‘नंतर’ आजवर आलेलं नाही. माणसं वाईट नव्हेत, पण त्यांच्याकडे तारीख नसते, आणि सोयऱ्याकडे आपण होऊन पैसे मागायचे नाहीत ही आमच्याकडची रीत. मी म्हटलं, मी मागतो. मामा भडकला. “हलदीचा जेवलास ना तू? मंग त्याच ताटाचा पैसा मांगशील?” बिलाला मात्र तारीख होती. त्या बिलावर खाली लिहिलं होतं, किमान भरायची रक्कम. आणि इथे माझ्या मामाने ती चूक केली, जी फक्त आमचा माणूस करू शकतो. त्याने ती ओळ सोयऱ्याच्या तोंडची समजून वाचली. “बघ, बँकेलापन रीत हाय. जमंल तेवढा द्या, बोलते.” दर महिन्याला तो जमेल तेवढा देत राहिला, उरलेल्यावर व्याज चढत राहिलं, आणि गाडीचा हप्ता होताच, तोही कार्डावर.

मी काय केलं? भाषण केलं. वडप्याच्या नाक्यावर सभा घेतली आणि मामाचं नाव न घेता त्याची सगळी गोष्ट भोंग्यावरून सांगितली. ‘एका भोळ्या माणसाची गोष्ट’ म्हणे! सगळ्या गावाच्या माना एकाच दिशेला वळल्या. मामा पहिल्या रांगेत बसला होता. सर्वांत जोरात टाळ्या त्यानेच वाजवल्या. नंतर म्हणाला, “चांगला बोललास. आवाज मागपर्यंत जातो.” त्या टाळ्या मला अजून लागतात.

एक दिवस मामा पेढे घेऊन आला. गाडीचं कर्ज फिटलं होतं! फायनान्सवाल्यांचं पत्र त्याने देवासमोर ठेवलं. त्याच आठवड्यात कार्डाच्या वसुलीचे फोन सुरू झाले, कारण गाडीचं सगळं ओझं आता कार्डाच्या डोक्यावर बसलं होतं, आणि सोबत लग्नाचं. थकबाकी म्हणून पॉइंट गोठवले. वसुलीवाला मामीशी ज्या भाषेत बोलला, ती मी इथे लिहिणार नाही. पत्रकात लिहिली आहे. तक्रारही केली आहे, लढणारही आहे. पण गाडी विकावीच लागली. ज्या गाडीचं कर्ज फेडलं, तीच गाडी त्या फेडीपायी गेली. ह्यात कायद्याने काहीच चुकीचं नाही म्हणतात. कायदा लिहिणाऱ्याने एकदा माझ्या मामीसमोर बसून ते वाचून दाखवावं.

गाडी सोमवारी द्यायची होती. रविवारी मामा म्हणाला, चला, अकलोलीला जाऊ, गरम पाण्याच्या कुंडांवर. मामी दारातून बाहेर आली ती निळी बॅग घेऊन. तांदूळ काढून तिने आत दोन टॉवेल आणि भाकरी-सुकटाचा डबा ठेवला होता. मी म्हटलं, मामी, तासाभराचा रस्ता, एवढी बॅग कशाला? “चाकां हायत तिला,” ती म्हणाली, “एकदा तरी फिरू दे.” अकलोलीला उतरल्यावर तिने बॅगेचा दांडा वर ओढला. खडीच्या रस्त्यावर चाकांचा असा काही खडखडाट झाला, की टपरीवाले उठून बघायला लागले. मामा पुढे चालत लोकांना बाजूला करत होता, “सरा, सरा, बाईंच्या विमानाचा टाइम झालाय.” मामी पदरात तोंड लपवून हसत होती.

मग ते दोघं कुंडात पाय सोडून बसले. वाफेत मामाचा चेहरा नीट दिसत नव्हता. त्याने हळूच मला विचारलं, “खरा सांग. ते पॉइंट परत चालू व्हतील का रं?”

ह्या प्रश्नाचं खरं उत्तर माझ्या पत्रकात तिसऱ्या परिच्छेदात छापलेलं आहे. मी म्हटलं, “होतील, मामा.”

गेल्या महिन्यात पत्रक नव्याने छापायला टाकलं. छापखानेवाला म्हणाला, मागे एखादी जाहिरात घ्या, तेवढाच खर्च निघेल. मी नको म्हटलं. मागची बाजू कोरी ठेवली. कागदही तोच घेतला, शाई न फुटणारा.