डिस्क त्याच्याकडे, किल्ली तिच्याकडे

नवऱ्याचं, गणराजचं घर सोडताना स्वरूपाने दोन बॅगा तेवढ्या उचलल्या होत्या. काळेवाडीत इंदुताईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर तिला एक खोली मिळाली. महाळुंग्याच्या एका कंपनीत ती क्वालिटी तपासणीला होती. शिफ्ट, कंपनीची बस आणि खोली यातच दिवस सरायचा. सुट्टीला तर दिवसभर आपण एक शब्दही बोललो नाही, हे अंथरुणावर पडल्यावर तिच्या लक्षात यायचं.

बऱ्याच महिन्यांनी गणराजने तिचा लॅपटॉप एका मित्राबरोबर पाठवून दिला. तो चालू होईना, म्हणून तिने चौकातल्या निरंजनच्या रिपेअरिंगच्या दुकानात नेला. निरंजनने मागचं झाकण उघडलं आणि तिच्याकडे पाहिलं.

"ताई, यात डिस्कच नाही. कुणीतरी काढून घेतलीय."

संसार मोडत असताना स्वतःशीच लिहिलेलं कितीतरी त्या डिस्कवर होतं. शिवाय आईचा आवाज होता. आई गावी, औशाला असायची. तिला टाइप करता येत नसे, म्हणून बारीकसारीक गोष्टी स्वरूपाच्या फोनवर बोलूनच पाठवायची; हरभऱ्याला घाटे लागले, शेजारची म्हैस व्याली. आई गेल्यावर स्वरूपाने ते सगळं लॅपटॉपवर उतरवून ठेवलं होतं. तो फोन पुढे कामातून गेला.

"पण माझा पासवर्ड होता," ती म्हणाली.

"तो नुसता दाराला लावलेल्या कडीसारखा. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की त्याचा उपयोग नाही, सगळं उघडं. एन्क्रिप्शन चालू असेल तरच वाचलात. मग डिस्कवरचा मजकूरच कुलूपबंद असतो."

त्याने तिला फोनवर तिचं ऑनलाइन खातं उघडायला लावलं. तिथे तिच्या लॅपटॉपच्या नावापुढे एक लांबलचक आकडा होता.

"ही बघा रिकव्हरी की, कुलपाची किल्ली. म्हणजे कुलूप लागलेलं आहे. या आकड्याशिवाय त्याला काही दिसणार नाही."

ती सुटकेचा निःश्वास टाकणार, तोच तिच्या ध्यानात आलं, की डिस्क हाताशी नसताना आपल्यालाही काही ऐकू येणार नाही.

पुढच्याच आठवड्यात गणराजचा फोन आला.

"त्या डिस्कला कसला नंबर मागतंय गं?"

"म्हणजे उघडायला गेलास तू."

"बघितलं जरा. एवढं काय लपवलंयस?"

"माझी डिस्क आहे, परत दे. आईचा आवाज आहे त्यात."

"नंबर दे. आवाज काढून पाठवतो."

स्वरूपा जिन्यात बसली होती. आकडा फोनमध्येच होता, नुसता वाचून दाखवायचा. पण मग आईबरोबर बाकीचं सगळंही त्याच्या हाती गेलं असतं. तिने लिहिलेलं तो मित्रांना वाचून दाखवतोय, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं.

"रविवारी निरंजनच्या दुकानात ये. माझ्यासमोर जोड, मीच नंबर टाकते."

"येतो," तो म्हणाला.

रविवारी ती दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिली. निरंजनने तिला स्टूल दिलं, मग चहा मागवला. गणराज आला नाही. फोन नुसता वाजत राहिला. दुपारी निरंजन संकोचून म्हणाला, "ताई, आता बंद करतो." त्याने शटर ओढलं आणि तिच्या फोनवर गणराजचा मेसेज आला, "भंगारवाल्याला दिली. विषय संपला."

खरं की खोटं, कळायला मार्ग नव्हता. नंबर तिने दिला नाही, कधी देणारही नव्हती.

घराच्या पायरीवर इंदुताई मेथी निवडत होत्या. "कुटं गेलीवतीस गं?"

"इथंच, दुकानात."

"व्हय का? बरं," म्हणून त्यांनी पुढची जुडी सोडली.

खोलीत येऊन स्वरूपाने मावशीला फोन लावला. मावशीचा आवाज आईच्या आवाजाच्या जवळ जाणारा होता.

"कोण, स्वरूपा? बोल गं, लवकर बोल. पाहुणे बसलेत."

"काही नाही मावशी. सहज केला."

"मग ठेवते बाई. सवडीनं बोलू."

फोन बंद झाला. स्वरूपाने तो कानावरून काढला नाही.