न वाजलेला भोंगा

माझ्या मामेसासऱ्यांइतका भित्रा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात झाला नसेल, आणि अंबरनाथच्या आमच्या वॉर्डात जे काही धड झालं ते त्यांच्या या भित्रेपणामुळेच झालं, हे मी कुणापुढेही शपथेवर सांगायला तयार आहे. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायचे. नव्वदच्या दशकात एकदा, आणि एकदाच, ते आमचे नगरसेवक झाले. उभं राहायचं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पण पक्षाला स्वच्छ माणूस हवा होता, आणि "हा माणूस खाणार नाही, ह्याला पचेल की नाही याचीच भीती वाटेल," असं एका पुढाऱ्याने भर बैठकीत सांगितल्यावर त्यांचं तिकीट पक्कं झालं. निकालाच्या दिवशी कार्यकर्त्यांनी त्यांना खांद्यावर उचललं, तेव्हा गुलालाने माखलेले मामा जिवाच्या आकांताने ओरडत होते, "अरे खाली घ्या रे, वर वायर आहे!"

मामांना अंधाराची भीती, म्हणून शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवे लागले. रिक्षावाल्यांच्या वेगाची भीती, म्हणून शाळेपुढे एकाच्या जागी तीन गतिरोधक आले, आणि तिसऱ्यावर स्वतः मामाच स्कूटरवरून पडले. वालधुनी नदीच्या पुलावरून खाली बघितलं की त्यांना गरगरायचं, म्हणून पुलाला कठडा झाला, तोही इतका उंच की पलीकडचं काही दिसेना म्हणून म्हाताऱ्या बायका कुरकुरू लागल्या. जांभूळ गावाकडून येणाऱ्या पाण्याची नवी लाईन चाळींपर्यंत आली, त्या दिवशी तर कमालच झाली. बायका हंडे घेऊन ताटकळत उभ्या, आणि मामा म्हणतात, थांबा. मग त्यांनी पहिला पेला स्वतः पिऊन टाकला आणि डोळे मिटून, स्वतःची नाडी धरून अर्धा तास ओट्यावर बसून राहिले. "मला काही झालं नाही, भरा आता," असं त्यांनी म्हटल्यावर एक बाई म्हणाली, "तुमाला काय झालं असतं तर आमी काय करनार व्हतो?" मामांनी याचाही विचार करून ठेवला होता. त्यांच्या खिशात डॉक्टरचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी होती. यातल्या एकाही कामाच्या कोनशिलेवर मात्र त्यांनी आपलं नाव घालू दिलं नाही. "उद्या काही पडलं, फुटलं, म्हणजे?" असं विचारून ते इकडेतिकडे बघायचे.

पण या सगळ्या किरकोळ भीती झाल्या. मामांची खरी भीती होती ती वायूची. तीस वर्षं त्यांनी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून काढली होती. कुठल्या पिंपात काय आहे आणि ते बाहेर आलं तर काय होईल हे ठाऊक असलेल्या माणसाला स्वस्थ झोप कशी लागणार? रोज दिवेलागणीला ते गॅलरीत एक उदबत्ती लावायचे. शेजारपाजारच्यांना वाटायचं, नगरसेवक मोठे भाविक. भाविक कसले! देवाची उदबत्ती मामी आत लावायच्या, ही मामांची वाऱ्याची होती. धूर रस्त्याकडे गेला की ते सुस्कारा टाकून चहा मागायचे. धूर घरात आला, म्हणजे वारा कारखान्यांकडून येतोय, की त्यांचा चहा गार व्हायचा आणि ते नाक वर करून हवेत काहीतरी शोधत बसायचे. "जावईबापू, तुम्हाला वास येतोय का?" असं ते इतक्या गंभीरपणे विचारायचे की शेजारच्या भज्यांचा वाससुद्धा मला संशयास्पद वाटू लागे.

या भीतीपोटी त्यांनी दोन वर्षं अर्ज-विनंत्या करून वॉर्डासाठी भोंगा मंजूर करून घेतला. वायू सुटला की भोंगा वाजवायचा, आणि लोकांनी कारखान्यांकडे पाठ करून शिवमंदिराच्या दिशेने पळायचं, अशी साधी योजना. चौकात उंच खांबावर भोंगा बसला, त्याच्या कपाटाची किल्ली मामांच्या जानव्याला बांधली गेली, आणि एका दुपारी अडीच वाजता चाचणी ठरली. आदल्या दिवशी घरोघर पत्रकं वाटली होती, पण पत्रकं वाचतं कोण. भोंगा घुमला तसे चाळींतले कामगार दचकून जागे झाले. जन्मभर त्यांनी एकच भोंगा ऐकलेला, पाळीचा! "दुसरी पाळी लागली, उशीर झाला," म्हणत कुणी डबा उचलला, कुणी शर्टाची बटणं लावत धावला. रिक्षावाले तर टपलेलेच होते. "एमआयडीसी, एमआयडीसी, एक सीट!" पाच मिनिटांत निम्मा वॉर्ड नेमका कारखान्यांच्या दिशेने निघाला, आणि मामा चौकात दोन्ही हात पसरून ओरडताहेत, "अरे उलटे! उलटे फिरा!" आम्ही सगळे पोट धरधरून हसलो. नाक्यावरचा सिंधी किराणावाला तर आठवडाभर गिऱ्हाइकांना तो किस्सा ऐकवत होता. मामा तेवढे हसले नाहीत. संध्याकाळी जेवले नाहीत. "मी यांना वाचवायला भोंगा आणला," ते म्हणाले, "आणि तो वाजला तर हे सरळ वायूच्या तोंडात जाणार." दुसरा वेगळा आवाज मिळावा म्हणून त्यांनी पुन्हा अर्ज केला. तो कुठल्या टेबलावर राहिला कोण जाणे.

आणि मग ती थंडीतली संध्याकाळ आली. मी मामांकडे पेपर वाचत बसलो होतो. गॅलरीतला उदबत्तीचा धूर आत आला, आणि त्याच्यामागोमाग आला तो वास. यावेळी विचारावं लागलं नाही. डोळे चुरचुरायला लागले, घसा खवखवू लागला. कुठल्याशा कारखान्यात काहीतरी फुटलं होतं. मला वाटलं, आता मामा सगळ्यांच्या आधी धूम ठोकणार. ओले पंचे, रेशनकार्ड आणि शिट्टी घातलेली त्यांची पिशवी दाराला कायम टांगलेली असायची. मामा उभे राहिले. दाताची कवळी वाजत होती. "मामा, किल्ली द्या, भोंगा वाजवतो," मी म्हणालो. "नको!" ते किंचाळले. "डबे घेऊन तिकडेच पळतील! दारं वाजवायची. एकेक दार." मामींना त्यांनी माझ्या बायकोला घेऊन मंदिराकडे पिटाळलं, एक ओला पंचा माझ्या हातात कोंबला आणि म्हणाले, "तुम्ही मंदिराकडच्या चाळी घ्या. मी वरच्या घेतो."

वरच्या चाळी म्हणजे कारखान्यांना खेटून असलेल्या. मी 'हो' म्हणालो. लगेच म्हणालो.

पंचा तोंडाला बांधून, शिट्टी फुंकत मामा वाऱ्याच्या समोर चालत गेले. जाताना मागे वळून म्हणाले, "जावईबापू, मला फार भीती वाटतेय हो." मी माझी दारं वाजवली आणि माणसांच्या लोंढ्याबरोबर मंदिराच्या आवारात पोचलो. किराणावाला दुकानाचं शटर अर्धं टाकून आला होता. "साईं, भोंगा क्यों नहीं बजाया? आपले साब कुठे आहेत?" तो विचारत होता, आणि मला तोंड वर करवेना. वरच्या चाळींतली माणसं येत राहिली, पोरं खाकोटीला मारून, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन. मी एकेक चेहरा बघत होतो आणि मामा दिसत नव्हते. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात लांब तास. शेवटी दोन कामगारांच्या आधाराने ते आले, डोळे लालभडक, खोकून खोकून वाकलेले. बोलता येईना म्हणून त्यांनी बोटांनी खूण केली: सगळे, सगळे आले.

त्या संध्याकाळी आमच्या वॉर्डात कुणी दगावलं नाही. साहजिकच लोक ती लवकर विसरले. पुढच्या निवडणुकीत विरोधकांनी भिंती रंगवल्या, 'भोंगा बसवला, वाजवला का नाही?' मी म्हटलं, मामा, खरं कारण सांगून टाका ना सभेत. ते म्हणाले, "काय सांगू? की माझी माणसं धोक्याचा भोंगा ऐकून कामावर जातात? त्यांचं हसं होईल हो." मामा सपाटून पडले. त्यांचा खोकला मात्र गेला नाही, आणि चार वर्षांनी त्यातच मामा गेले. दिवे, कठडा, पाणी, सगळं आहे. त्यांचं नाव कुठेही नाही.

हल्ली दिवेलागणीला मी माझ्या गॅलरीत उदबत्ती लावतो. मामा होते तोवर भ्यायचं काम ते एकटे करायचे आणि आम्ही हसायचो. आता माझं मलाच भ्यावं लागतं. धूर आत वळला की मला आधी पळायचंच सुचतं. 'मी वरच्या चाळी घेतो,' हे वाक्य मी कितीदा तरी मनात म्हणून बघितलंय. अजून ते मोठ्याने म्हणायला जमलेलं नाही.