थंडीत उतरलेला काटा

गेल्या थंडीत मी फार थकले होते. गारगोटीच्या ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची, एसटीनं कोल्हापूरला परतायचं आणि घरी आप्पांचं बघायचं, एवढंच चाललं होतं. आप्पा म्हणजे माझे वडील. शिरोलीच्या एका लोखंड ओतणाऱ्या फौंड्रीत साच्यांच्या वाळूत त्यांचं आयुष्य गेलं आणि त्या धुळीनं फुफ्फुसं खाल्ली. आई नव्हती. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन विजेवर चालायचं आणि त्याची नळी कायम त्यांच्या नाकाला असायची. लाईट गेली तर असावा म्हणून कोपऱ्यात एक भरलेला सिलिंडर होता.

आप्पांचा सगळा जीव त्या सिलिंडरात. रोज व्हॉल्व्ह उघडून मीटरचा काटा बघायचे. एका संध्याकाळी त्यांनी माझ्या लाल पेननं काचेवर काट्यापाशी खूण केली. त्या रात्री कडाक्याची थंडी पडली. सकाळी काटा खुणेच्या खाली.

"गळतंय की हे!"

"गळत नाही, आप्पा. थंडीचा काटा उतरतोय. गॅस तेवढाच आहे, फक्त गार झालाय. गार झाला की त्याचा दाब कमी होतो."

"मला शिकवू नगंस. थंडीनं टाकी ल्हान-मोठी हुती व्हय?"

"टाकी तेवढीच राहते, म्हणून तर दाब बदलतो. दुपारी बघा, वर येईल."

त्यांनी तोंड फिरवलं. हेच मी वर्गात आकृती काढून किती वेळ समजावते. घरी तेवढं त्राण नव्हतं. डबा भरला आणि स्टँडवर गेले.

पुढच्या सोमवारी दुरुस्तीसाठी लाईट गेली. मी स्टाफरूममध्ये डबा उघडत होते, तेवढ्यात शेजारच्या भाभींचा फोन आला. मी नसताना त्याच आप्पांकडे लक्ष ठेवायच्या.

"मॅडम, आप्पांचे ओठ निळे पडल्यात. सिलिंडर तर चालू हाय."

"सिलिंडरला लावलेल्या पाण्याच्या बाटलीवर काचेची नळी आहे बघा. तिच्यात गोटी कुठं आहे?"

"पार तळाला."

"म्हणजे आप्पांनी ऑक्सिजन बारीक केलाय. शेजारचं बटन डावीकडं फिरवा. गोटी दोनच्या आकड्यावर येऊ दे."

मागून आप्पांचा तुटका आवाज आला, "नगं... सपंल..."

"ऐकू नका त्यांचं. फिरवा!"

गोटी वर आली. भाभींनी फोन तसाच धरून ठेवला. ओठांचा रंग परतला म्हणाल्या तेव्हा कुठं मी खाली बसले. मग रजा टाकून गाडी पकडली. वाटेत नुसती चीड येत होती. कुणाची, ते कळत नव्हतं.

घरी पोचले तेव्हा लाईट आली होती. आप्पा पुढं वाकून, ओठांचा चंबू करून श्वास सोडत होते. छाती फुगली की आतला दाब उतरतो आणि बाहेरची हवा आपसूक आत येते, हे मी मुलांना सिरिंजचा दट्ट्या ओढून दाखवते. आप्पांची छाती फुगलेलीच राहायची. आतली हवा बाहेर पडत नव्हती, मग नवी शिरणार कुठून?

"आप्पा, कुणासाठी राखून ठेवत होता?"

"लाईट लई येळ आली न्हाय तर? तू लांब असतीस."

मी त्यांच्या नाकाची नळी नीट बसवली.

रविवारी त्यांनी पुन्हा काचेवर खूण केली, या वेळी पहाटेच्या गारठ्यात. दुपारी खोली तापल्यावर मी त्यांना हात धरून मीटरपाशी नेलं. काटा खुणेच्या जरा वर होता. ते वाकून बघू लागले.

"व्हय की. आलाय वर." मग हळूच, "ऊन वाढल्यावर माझ्या छातीचं बी असं हुईल?"

"नाही, आप्पा."

त्यांनी मान हलवली. खोटं बोलायला हवं होतं असं मला वाटलं, पण ते रागावले नाहीत.

"मग तू जरा पड," ते म्हणाले. "तोंड बघ केवढंसं झालंय. मी हाय जागा."

मी तिथंच सतरंजीवर आडवी झाले. मशीनची घरघर चालू होती. आप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला, एवढं कळलं, आणि मला झोप लागली.