शेजारच्या स्टेशनाची पोच

दुभाष्याचं बाहेर कुठंतरी आहे, ही बातमी इमारतीत पहिल्यांदा तळमजल्यावरच्या शिवणवालीनं सोडली. पुरावा पक्का होता. माणूस एक, फोन दोन. एक काळा, घरचा आणि ऑफिसचा मिळून. दुसरा निळसर, कोपऱ्यात तडा गेलेला, तो कुणासमोर म्हणून निघत नसे. दर रविवारी अकराच्या सुमाराला हा गृहस्थ आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेई आणि पाच मिनिटांनी तोंड धुऊन बाहेर येई. एवढ्या कापडात शिवणवालीनं अख्खा अंगरखा बेतला. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी त्याला बाह्या जोडल्या: बाई विधवा आहे आणि पदरात एक मूल आहे.

यातलं खरं एवढंच, की फोन दोन होते. निळसर फोन दुभाष्याच्या थोरल्या भावाचा होता, आणि तो भाऊ दोन वर्षांपूर्वी वारला होता. त्या फोनवरून दुभाष्या आपल्या म्हाताऱ्या बापाला, पुढच्याच खोलीत खुर्चीवर बसलेल्या बापाला, मेलेल्या मुलाच्या नावानं निरोप लिहीत असे. हे कळल्यावर शिवणवाली पायमशीन थांबवून म्हणाली, बाईचीच भानगड असती तर बरं झालं असतं हो.

दुभाष्या हे नाव त्याला इमारतीनंच दिलेलं. तुम्ही नेमकं करता काय, असं कुणी विचारलं की तो चहाचा कप खाली ठेवून हातवारे सुरू करी. त्याची कंपनी औषधांच्या घाऊक विक्रीची. वरच्या मजल्यावर मागणी नोंदवणारे कारकून, त्यांचं जुनं मोठं यंत्र, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. खाली गोदाम. ते मूळचं दुसऱ्याच कंपनीचं, मागाहून विकत घेतलेलं. त्यामुळं त्यांचं नेटवर्क वेगळं, प्रोटोकॉल वेगळा. एकाच घरात राहून एकमेकींशी अबोला धरलेल्या जावाच जणू. या दोघींच्या मध्ये, लिफ्टच्या मोटरीशेजारच्या खोलीत, एक साधा कॉम्प्युटर, त्यावर 'बंद करू नये' अशी चिठ्ठी, आणि त्याच्या पोटात गेटवेचं सॉफ्टवेअर. वरचं ऐकायचं, खालच्या भाषेत सांगायचं. खालचं ऐकायचं, वरच्या भाषेत सांगायचं. म्हणजे दुभाषीच की, असं कुणीतरी म्हणालं, आणि ते त्याला चिकटलं ते चिकटलंच. दर महिन्याला तो रंगाच्या ब्रशनं त्या कॉम्प्युटरच्या पंख्यातली धूळ झाडी. बायको म्हणायची, घरच्या पंख्याचं एवढं भाग्य नाही.

वरचं यंत्र भारी तापट. निरोप गेला आणि चार सेकंदांत खालून 'मिळालं' अशी पोच आली नाही, तर पलीकडचा मेला असं समजून ते जोडणीच तोडून टाकी, आणि साठ कारकुनांचे साठ पडदे काळे. गोदामाचं नेटवर्क सुस्त, त्याला सात-आठ सेकंद लागत. दुभाष्यानं यावर तोड काढली होती. गेटवेमध्ये एक सोय असते, ती त्यानं चालू केली. खालच्याची वाट न बघता गेटवेनंच परस्पर सांगायचं, मिळालं. मग निरोप सावकाश खाली न्यायचा. यंत्र शांत, कारकून खूश. एकोणीस वर्षं एकदाही कुणाचा पडदा काळा झाला नाही, आणि एकोणीस वर्षांत कुणी त्याला बरं केलंस असंही म्हणालं नाही. चालू असलेल्या गोष्टीला शाबासकी देत नाहीत.

त्याचा बाप तारमास्तर. हयात तारघरात गेली. खुर्चीच्या हातावर त्याची बोटं अजून आपोआप वाजत, आणि टीव्हीवर कुणी लांबलचक बोलायला लागलं की तो म्हणे, याला तार करायला लावा, दोन शब्दांत उरकेल. गावभरच्या लोकांच्या मरणाच्या बातम्या या माणसानं बिनचूक पोचवल्या. पण स्वतःची बायको अंथरुणाला खिळली तेव्हा थोरल्याला कळवायचं त्याच्या हातून राहून गेलं. थोरला परगावी नव्या नोकरीत होता. आज कळवू, उद्या कळवू, जरा उतार पडला की कळवू. उतार पडलाच नाही. थोरला आला तो आई गेल्यावर दुसऱ्या दिवशी. दारातच तो बापाला म्हणाला, जगाला कळवलंत, मला नाही. त्यानंतर घराचा उंबरा त्यानं ओलांडला नाही, की बापाशी फोनवर बोललाही नाही.

दोघं एकमेकांना फक्त फोनवर निरोप लिहायचे. तेही बापानं आधी लिहिलं तर. दर रविवारी अकराला तारमास्तर जाड बोटानं एकेक अक्षर दाबत लिही: तब्येत कशी आहे. उत्तर कधी दुपारी येई, कधी सोमवारी उजाडल्यावर: बरा आहे. सात वर्षं एवढंच. पण त्या दोन शब्दांवर म्हाताऱ्याचा आठवडा निघायचा.

मग एका मंगळवारी परगावच्या दवाखान्यातून दुभाष्याला ऑफिसात फोन आला. ताप मेंदूत गेला होता. तो पोचला तेव्हा थोरला शुद्धीवर नव्हता, आणि संध्याकाळी संपला. अंत्यसंस्काराला चार माणसं: दुभाष्या, घरमालक आणि थोरल्याच्या कामावरचे दोघं. घरमालकानं एका पिशवीत चष्मा, घड्याळ आणि निळसर फोन दिला. घरी दुभाष्या ऑफिसच्या कामाला जातोय असं सांगून गेला होता. परत आल्यावरही त्यानं तेच सांगितलं. तारमास्तर त्याच आठवड्यात हृदयाच्या दुखण्यातून उठून घरी आला होता, आणि धक्का बसेल असं काही कानावर घालू नका, अशी डॉक्टरांची ताकीद होती. बायको म्हणाली, महिनाभरानं सांगू. दुभाष्या हो म्हणाला.

पण महिन्याच्या आधी रविवार आला. अकरा वाजले. आतल्या खोलीत कपाटावर ठेवलेला फोन थरथरला: तब्येत कशी आहे. दाराच्या फटीतून दुभाष्याला बाप दिसत होता, फोन मांडीवर, नजर फोनवर, बोटं खुर्चीच्या हातावर. दिवसभर ही बोटं अशीच वाजत राहणार, आज, मग उद्याही. त्याला ते बघवेना. त्यानं लिहिलं: बरा आहे. आणि पाठवून दिलं.

एकदा दिलेली पोच परत घेता येत नाही, हे त्याच्या धंद्यातलं पहिलं शहाणपण. तेच तो विसरला. महिना गेला, वर्ष गेलं. मधल्या काळात तारमास्तर जरा जास्त लिहायला लागला. आज जिना उतरलो. धाकटा हल्ली दमलेला दिसतो, विचारलं तर सांगत नाही. दुभाष्या ते वाचून, आपल्याबद्दलच, भावाच्या नावानं उत्तर देई: काळजी करू नका, तो खंबीर आहे. हे लिहिताना तोंड धुवायची वेळ येणारच.

आणि एका रविवारी फोनवर आलं: तुझ्या आईचं तुला वेळेवर कळवलं नाही. माझं चुकलं. जमलं तर माफ कर.

थोरल्यानं माफ केलं असतं का, हे दुभाष्याला ठाऊक नव्हतं. विचारायला कुणी नव्हतं. तरी त्यानं तिथंच, उभ्या उभ्या लिहिलं: ते मी केव्हाच विसरलो, बाबा. पाठवल्यावर मात्र तो पलंगाच्या कडेला बसला. तब्येतीची पोच देणं वेगळं. ही माफी त्याच्या मालकीचीच नव्हती.

तरीही हे असंच चाललं असतं. मोडलं ते ऑफिसात. एका सकाळी गोदामाचं नेटवर्क मेलं. वर कुणाला पत्ता नाही, कारण गेटवे आपला इमानानं सगळ्यांना सांगत होता, मिळालं, मिळालं. दुपारी वीज गेली, गेटवेचा कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू झाला, आणि सकाळपासूनच्या मागण्या हवेत विरल्या. वरच्या पडद्यांवर सगळं पोचलेलं. खाली एक गोळी हललेली नाही. दोन दवाखान्यांना औषधं एक दिवस उशिरा गेली. जीव कुणाचा गेला नाही, पण जाऊ शकला असता. चौकशीत दुभाष्यानं काही लपवलं नाही. नवी मॅनेजर बाई शांत स्वभावाची. तिनं ती सोय कायमची बंद करायला सांगितली.

"पडदे काळे झाले तर होऊ देत," ती म्हणाली. "निदान कळेल तरी, की पलीकडं कुणी नाहीये."

दुभाष्यानं सोय बंद केली आणि त्या दिवशी तो बस न धरता चालत घरी आला. बूटही न काढता बापासमोर स्टुलावर बसला. स्वयंपाकघरात बायकोनं वाहता नळ बंद केला.

"बाबा, दादा नाहीये."

तारमास्तरानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "किती तारखेला?"

दुभाष्यानं तारीख सांगितली.

"मंगळवार होता," म्हातारा म्हणाला. "तू ऑफिसच्या कामाला गेलास तो. आणि रविवारी मला 'बरा आहे' आलं. एका मिनिटात." त्याची बोटं खुर्चीच्या हातावर वाजली. "थोरल्यानं जन्मात कधी एका मिनिटात उत्तर दिलंय? लांबच्या स्टेशनाची पोच यायला वेळ लागतो. इतकी झटकन येते ती शेजारच्या स्टेशनातून. नवशिक्यालाही कळतं हे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो. मलाही एकदा सांगवलं नव्हतं. जड जातं, मला माहीत आहे."

दुभाष्याला शेवटी तेही विचारावं लागलं. "सगळं माहीत होतं, तर ते आईचं कशाला लिहिलंत?"

"कुठंतरी लिहायचं होतं. दुसरं स्टेशन उरलं नव्हतं."

"मी त्याच्या नावानं उत्तर दिलं, बाबा. ते मी द्यायला नको होतं."

"ती पोच मी धरली नाही," तारमास्तर म्हणाला. "ती त्यानंच द्यायची होती. बाकीच्या धरल्या."

आत नळ पुन्हा सुरू झाला, जरा जास्तच मोठा.

सगळं उघड झालं, आता हे संपलं, असं बायकोला वाटलं. पण पुढच्याच रविवारी अकराला तारमास्तरानं फोन उचलला आणि आतल्या खोलीकडं बघून म्हणाला, पाठवणार असशील तर पाठव, पण उशिरा पाठव, थोरल्यासारखं. तेव्हापासून दुभाष्या निळसर फोन हातात धरून पलंगावर बसून राही, बारा, एक, दोन. पुढच्या खोलीत बोटं वाजत असत. तीनच्या पुढं तो लिही: बरा आहे. म्हातारा वाचून मान डोलवी आणि मगच जेवायला उठे. हे असं पाच महिने चाललं. ऑफिसात तेव्हा दिवसातून चार-चारदा पडदे काळे होत आणि साठ कारकून दुभाष्याचा उद्धार करत. तो ऐकून घेई.

तारमास्तर गेला तो एका गुरुवारी सकाळी, खुर्चीतच. त्यानंतरच्या रविवारी अकरा वाजले आणि निळसर फोन गप्प राहिला. दुभाष्या तरी तीनपर्यंत बसून होता. मग त्यानं तो कपाटावर ठेवला. पण चार्जिंगची वायर काढली नाही.

समाचाराला सगळी इमारत येऊन गेली. शिवणवाली सगळ्यांत शेवटी आली. तिला एव्हाना सगळी हकिकत कळलेली होती. ती रडली, आणि मनापासून रडली. पण जीभ ती जीभ. उठता उठता तिनं विचारलंच, की भाऊ, एवढी दोन वर्षं म्हाताऱ्याला मेलेल्याच्या नावानं खोटं उत्तर देत होतात, जिवाला काहीच कसं वाटलं नाही?

"वाटलं की, वहिनी," दुभाष्या म्हणाला. "पण खोटं सगळंच नव्हतं. बाबा जे लिहायचे, ते वाचणारं कुणीतरी होतंच. फक्त तो दादा नव्हता, मी होतो."