फाट्यावरच्या मामांचा प्रॉक्सी

अन्याय झाला तो देवगाव फाट्यावर दाखले काढून देणाऱ्या मामांवर. कधी, तर यंदाच्या आषाढातल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी सात ते संध्याकाळी सहा. त्या अकरा तासांत मामांनी काय केलं, ते तुमच्यापैकी अनेकांनी रांगेत उभं राहून पाहिलंय. तरी मामांचं केंद्र बंद झालं आणि आपण गप्प बसलो.

त्यांची सवय तुम्हाला आठवत असेल. कॉम्प्युटर सुरू केला की चष्मा कपाळावर ढकलायचे आणि उजव्या हाताचं बोट भिंतीला टेकवायचे. तिथे पेन्सिलीने आकडे लिहिले होते. वरच्या कार्यालयाने दिलेला प्रॉक्सीचा पत्ता. एकेका आकड्यावर बोट, नजर एकदा भिंतीवर, एकदा पडद्यावर. जुळलं की म्हणायचे, "हं, रस्ता हाय. या आता."

मी एकदा विचारलं, "मामा, प्रॉक्सी म्हणजे नेमकं काय हो?"

मामांनी दाराबाहेर हात केला. "मंठ्याहून सेलूला जाणारी गाडी कुठून वळायलीय? आपल्या फाट्यावरूनच ना? तसंच हे. आपला अर्ज सरळ जात न्हाई. आधी त्यायच्या फाट्यावर जातो, मग पुढं."

"आणि त्यांनी फाटाच हलवला तर?"

"फाटा कोण हलवतंय, नेते? रस्ता हाय तो, बकरी न्हाई."

मला ते 'नेते' म्हणायचे. मी पत्रकं वाटतो म्हणून. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला कधी कळलं नाही.

ब्राउझरच्या अपडेटशी मात्र त्यांचं उघड वैर. कोपऱ्यात खूण दिसली की करवादायचे, "आलं बघा. न्हाई बोलवलं तरी आलं." नवा ब्राउझर आला की दाखल्यावर सही उमटवणारं यंत्र चालायचं नाही, हा त्यांचा अनुभव. म्हणून जुना ब्राउझर एका पेन ड्राइव्हमध्ये ठेवलेला, आणि तो पेन ड्राइव्ह काळ्या दोऱ्याने खिळ्याला टांगलेला.

त्या सोमवारी मुलींच्या वसतिगृहाच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागत होता. रांगेत पहिली एक मावशी, मेंढ्या राखणाऱ्या घरातली, लेकीला घेऊन आलेली. मामांनी मशीन लावलं तर ब्राउझर आपोआप अपडेट होऊन बसलेला आणि साइट काही उघडेना.

"अपडेटनं खाल्लं," मामा म्हणाले. "दम धरा."

नवा काढला, जुना टाकला. बोट भिंतीवर, आकडे पडद्यावर. उघडेना. पुन्हा काढला, पुन्हा टाकला. वरच्या कार्यालयाला फोन लावला. उत्तर आलं, "इकडं सगळं चालू आहे, तुमच्याच मशीनचं बघा." मामांनी तिसऱ्यांदा सगळं केलं.

दुपारी मावशीच म्हणाली, "मामा, डबा तरी खावा."

"खातो. रस्ता तर लागू द्या."

सहा वाजता अर्ज बंद झाले. डबा तसाच होता. मावशीची लेक यंदा वसतिगृहात नाही, घरी आहे.

आता माझं सांगतो. मंगळवारी मी पत्रक लिहिलं: 'केंद्रचालकाचा हलगर्जीपणा, मुलींचं नुकसान'. झेरॉक्स काढायला गेलो तो मामांकडेच, कारण फाट्यावर दुसरं मशीन नाही. तेवढीही लाज मला नव्हती. मामांनी चष्मा खाली घेऊन सगळं वाचलं.

"दहाला उघडलं म्हणून लिहिलंत. मी सातला आलतो."

"दुरुस्त करतो."

"ऱ्हाऊ द्या. खाडाखोडीनं कागद खराब दिसंल."

शंभर प्रती काढल्या, कडा ठोकून सारख्या केल्या, माझ्या हातात दिल्या. त्याच पत्रकाचा हवाला देऊन वरच्या कार्यालयाने आठ दिवसांत त्यांचं केंद्र रद्द केलं.

नंतर मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. मामांविरुद्ध आणखी काही सापडेल म्हणून, खरं तेच सांगतो. उत्तर आलं: प्रॉक्सीचा पत्ता त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी बदलला. पुढचा रकाना, 'केंद्रांना कळवल्याचा दिनांक'. तो कोरा. म्हणजे चूक अपडेटची नव्हती आणि मामांचीही नव्हती. भिंतीवरचा पत्ताच मेला होता, आणि हा माणूस दिवसभर तोच घालत बसला.

मामा आता पूर्णा गावी असतात, लेकीकडे. मी तो कागद घेऊन गेलो. त्यांनी बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली.

"म्हंजे फाटा हलवला म्हणा की."

"हो मामा."

"भिंतीवरचं चुकीचं आसंल, हे मनातच आलं न्हाई बघा माझ्या." कागदाची घडी घालत म्हणाले, "त्या पोरीचं काय झालं?"



केंद्राचं शटर बंद आहे. बाजूच्या खिडकीतून भिंतीवरचे आकडे अजून दिसतात. बोट टेकून टेकून तिथला रंग काळपट झालाय.

सोबत अर्ज जोडलाय. मागण्या दोन: मामांचं केंद्र परत द्या, त्या मुलीला याच वर्षी प्रवेश द्या. पहिली सही माझी आहे, कारण पत्रक माझं होतं. खाली जागा मोकळी सोडलीय. त्या सोमवारी तुम्ही रांगेत होतात. किती वाजता आलात आणि तेव्हा मामा काय करत होते, ते दोन ओळींत लिहा. आणि खाली आपलं पूर्ण नाव घालून सही करा.