अंगठ्याचे एकेचाळीस व्हिडिओ

त्याच्या उजव्या अंगठ्याचे माझ्याकडे एकेचाळीस व्हिडिओ आहेत. खरं तर ते त्याच्या गिटारवादनाचे आहेत. पण आता लावून बसलो की मला अंगठ्याशिवाय दुसरं काही दिसत नाही.

बुऱ्हाणपुरात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, साखरपुडे, जावळं, पासपोर्ट फोटो. मागच्या गल्लीत यंत्रमाग चालतात. दिवसभर त्यांची खटखट भिंतीतून येते, आणि आम्हाला ती ऐकू येणं कधीच बंद झालेलं आहे. तो पहिल्यांदा आला तो पासपोर्ट फोटो काढायला. जवळच्या दापोरा गावचा केळीवाला शेतकरी, पस्तिशीच्या अलीकडचा, पाठीवर गिटारची पिशवी. फोटो छापून होईपर्यंत वेळ जावा म्हणून मी म्हणालो, "वाजवतोस की नुसता मिरवतोस?"

"मिरवायला कोण पाहतं भाऊ इथं," तो म्हणाला आणि स्टुलावर बसला.

लगेच वाजवलं नाही त्याने. मान जरा तिरपी करून भिंतीकडे कान दिला. मग अंगठ्याने जाड तारेवर एक ठोका दिला, दुसरा दिला, आणि माझ्या लक्षात आलं की हा मागांच्या खटखटीवर चालतोय. अंगठा मागासारखा एका लयीत पडत राहिला, आणि उरलेली तीन बोटं त्यावर स्वतंत्रपणे गाऊ लागली. मधूनच तळहाताची कड लाकडावर आपटून तो ढोलकी काढत होता. मी डोळे मिटून ऐकलं असतं तर तीन माणसं बसलीत असं म्हणालो असतो. वीस वर्षं ऐकू न आलेली ती खटखट मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली, तीही सुंदर वाटून. फोटो छापून झाले होते, मी ते द्यायचं विसरलो.

तो हे मोबाइलवर बघून शिकला होता. शेतात पाणी सोडलं की बांधावर बसून रियाज. गावात त्याचं कौतुक फारसं नव्हतं. मीच म्हणालो, दर शुक्रवारी ये, मी शूट करतो, आपण चॅनेल काढू. शुक्रवारी माग बंद असतात, आवाज स्वच्छ येतो.

पहिलं शूटिंग दिवाळीनंतरच्या शुक्रवारी झालं. लग्नाच्या कामाला घेतलेली जवळून टिपणारी लेन्स मी त्याच्या उजव्या हातावर लावली. अंगठी, मेंदी, मंगळसूत्र टिपायची लेन्स ती. तिच्यातून त्याचा हात पाहिला तेव्हा अंगठ्याच्या नखात एक उभी काळी रेघ दिसली, शिसपेन्सिलीने ओढावी तशी.

"ते काळं काय आहे रे?"

"केळीचा डाग भाऊ. आमचे शर्ट पाहा, तेच काळं."

हे पटण्यासारखंच होतं. केळीचा चीक कपड्याला लागला की जन्मभर जात नाही, आणि आमच्या भागात निम्म्या हातांवर तसले डाग असतात. कोणी त्याकडे बघत नाही.

पण मी बघत होतो. दर शुक्रवारी शूट करायचो आणि शनिवारी बसून कापाकापी करायचो. संगणकाच्या पडद्यावर तो अंगठा पेल्याएवढा मोठा दिसायचा. पाच-सहा आठवड्यांनी मला जाणवलं की रेघ आहे तिथेच आहे. दोन वर्षांपूर्वी दुकानाचं शटर माझ्या बोटावर पडलं होतं. नखाखालचं काळं रक्त नखाबरोबर पुढे सरकत गेलं आणि चार-पाच महिन्यांत टोकाशी येऊन निघून गेलं. डाग असाच निघून जातो, हे मला ठाऊक होतं. त्याचा जात नव्हता. उलट रुंद होत होता.

हे कळलं तेव्हा काय केलं ते सांगायलाच हे लिहितो आहे. मी मोबाइलवर शोधलं. दोन ओळी वाचल्या, दुसरीत कॅन्सर हा शब्द आला, आणि बंद केलं. मग उठून चहा प्यायला गेलो.

दरम्यान चॅनेल चालायला लागलं होतं. लांबलांबची माणसं लिहीत होती की याच्या अंगठ्याला काय म्हणावं. व्हिडिओखाली माझ्या स्टुडिओचं नाव होतं. हार घातलेली तोंडं टिपण्यात वय गेलेला माणूस मी. कोणी माझ्या कामाबद्दल कधी एक वाक्य लिहिलं नव्हतं. होळीच्या सुमारास पुण्याच्या एका कार्यक्रमाकडून निरोप आला: हाताचा जवळून घेतलेला, सलग, न कापलेला व्हिडिओ पाठवा, निवड झाली तर बोलावू.

त्याची नखं ही तशीही आमची अडचण होती. पोलादी तारांनी नखं झिजतात आणि केळीचे घड उतरवताना तुटतात. माझ्या बायकोचं वरच्या मजल्यावर पार्लर आहे. ती त्याच्या चार बोटांना नकली नखं बसवून द्यायची, पारदर्शक. तो खुर्चीत बसला की पार्लरमधल्या बायका हसायच्या.

"आई काय म्हणते माहीत आहे का वहिनी," तो सांगायचा, "सून तर कोणी देईना, आता तूच नटायला लागला."

"मग लाली पण लावू का?"

"लावा की. गिर्‍हाईक वाढेल तुमचं."

पुण्याच्या व्हिडिओआधी मी बायकोला म्हणालो, या वेळी पारदर्शक नको, दुधी रंगाचं लाव. ते काळं पडद्यावर घाण दिसतं. जुनं नख काढताना तिने त्याचा अंगठा दिव्याखाली धरला.

"हे काय आहे खाली? डॉक्टरला दाखवलं का?"

प्रश्न त्याला होता. उत्तर मी दिलं. "केळीचा डाग आहे. दोन महिने झाले मी पाहतोय."

खरं तर तेव्हा चार महिने झाले होते. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि रेघ झाकली.

त्या व्हिडिओत त्याने जे वाजवलं तसं मी पुन्हा ऐकलं नाही. सुरुवातीला अंगठा जवळजवळ वाजतच नाही, नुसता तारेवर टेकून उचलला जातो, आणि तेवढ्यानेही खोलीत काहीतरी चालत आल्यासारखं वाटतं. वर तीन बोटं निश्चिंत खेळत असतात. मग अंगठा एकेक पायरी उतरतो, खाली, आणखी खाली, आणि वरची धून मात्र बदलत नाही. काय येतंय हे तिला कळलेलंच नाही. कॅमेऱ्यामागे माझ्या अंगावर काटा आला. मी त्याला कलेचा काटा म्हणालो.

पुण्याहून होकार आला. कार्यक्रम दसऱ्याच्या पुढे होता. तोवर दर तीन आठवड्यांनी वरून भर घालायची, मूळ नख उघडं पडू द्यायचं नाही, असं चाललं. पावसाळ्यात एकदा शूटिंगच्या आधी तो अंगठा चोळत म्हणाला, "आतून ठणकतं भाऊ कधी कधी."

"रियाज जास्त होतोय. कार्यक्रम होऊ दे, मग दाखवू."

'मग दाखवू' हे माझे शब्द आहेत.

गणपतीनंतर नकली नख आपोआप सुटलं. खालचं मूळ नखच उचललं गेलं होतं. बायकोने मला वर बोलावलं नाही. तिने त्याला सरळ सांगितलं, आजच्या आज जा. नखाच्या बुडाशी कातडीसुद्धा काळी झाली होती. इथल्या डॉक्टरांनी पाहिलं न पाहिलं आणि इंदूरला पाठवलं. पंधरा दिवसांत अंगठा सांध्यापासून काढला.

ती रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "मी विचारलं होतं." त्यानंतर या विषयावर ती माझ्याशी बोललेली नाही.

परवा शुक्रवारी तो आला. माग बंद होते. गिटार आणली नव्हती. उजवा हात खिशात. बसल्यावर त्याने डाव्या हाताने उजव्या काखेत चाचपलं, आणि मी पाहतोय हे बघून हात काढला.

"इथं गाठ लागते हाताला," तो म्हणाला. "सोमवारी इंदूरला बोलवलं आहे. डॉक्टर दर खेपेला विचारतो, कब से है, कब से है. मी सांगितलं, होळीच्या दोन महिने आधीपासून. तुमी वहिनीला तेच म्हणाले होते ना, तेच मी सांगितलं. पण तो म्हणतो, उससे भी पुराना है."

"तुमच्याकडं सगळे व्हिडिओ आहेत. पहिल्यापासून दाखवा. चॅनेलवरचे नको. कच्चे."

चॅनेलवरच्या व्हिडिओंतून माझा आवाज मी नेहमी कापून टाकतो. कच्च्यांत तो असतो. मी सगळ्यात जुना लावला. त्याची बोटं पडद्यावर आली, पाचही. रेघ होती. आणि मागून माझा आवाज आला, "ते काळं काय आहे रे?" मग त्याचा, हसरा: "केळीचा डाग भाऊ."

"पुढचा," तो म्हणाला.

पुढचे लावत गेलो. एकात मी म्हणत होतो, अंगठा जरा आत वळव. एकात, अरे हे वाढलं की काय. ते मी बोललो होतो हे माझ्या लक्षातही नव्हतं. एकात तो विचारतो, "जात का नाही हो हे?" आणि मी सांगतो, "केळी सोडशील तेव्हा जाईल," आणि आम्ही दोघं हसतो. ते हसणं बंद खोलीत फार मोठं वाटलं.

त्याने पडद्यावरून नजर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. अंगठ्याकडे पुन्हा एकदाही पाहिलं नाही.

"तुमाला कळलं होतं."

तो विचारत नव्हता. तरी मी उत्तर दिलं. "हो."

"केव्हा?"

"संक्रांतीच्या आधी."

त्याने मान डोलावली, एखादा हिशोब आता जुळला असावा तशी. राग दिसला असता तर मला सोपं गेलं असतं. व्हिडिओ चालूच होता. पडद्यावर अंगठा संथपणे पडत होता, आणि वरची बोटं खेळत होती. तो संपेपर्यंत आम्ही दोघं बसलो. मग तो उठला आणि दारात थांबला.

"सोमवारी तुमी चला सोबत. तारीख तुमीच सांगा डॉक्टरला. मला नाई जमणार."

आज रविवार आहे. पहिल्या व्हिडिओची तारीख मी एका कागदावर लिहून शर्टच्या खिशात ठेवली आहे. ती लक्षात राहणार नाही असं नाही. पण डॉक्टर विचारेल तेव्हा माझ्या तोंडून पुन्हा 'दोन महिने' निघू नये. मागच्या गल्लीत माग चालू आहेत आणि मला प्रत्येक ठोका ऐकू येतो आहे.