गरज नसताना ठेवलेलं गहाण

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ कुठं काय द्यायचं ते मला अजून जमत नाही, आणि अक्षरही वेडंवाकडं आहे. वाचणाऱ्यानं माफ करावं. तसं वाचणारं कुणी नाही. पोराच्या जुन्या वहीत मागं कोरी पानं राहिली होती, त्यात लिहिते आणि वही तांदळाच्या डब्याखाली ठेवते. तरी माफी मागितलेली बरी.

लेकरांचे पप्पा ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहेत. दिवाळी झाली की कारखान्याला जातात ते उन्हाळ्यातच परत येतात. घरी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मी आणि दोन लेकरं. पोरगी दुसरीत, पोरगा पाचवीत. पोरगा पाचवीत गेला तिथून माझी पंचाईत सुरू झाली. चौथीपर्यंत त्याचा अभ्यास मीच घेतला. पाचवीचं पुस्तक मी उघडून बघितलं आणि परत मिटलं. आता तो खरंच वाचतोय की नुसते डोळे ठेवून बसलाय, हे मला ओळखता येणार नव्हतं. हातात मोबाईल असला म्हणजे मात्र लगेच कळायचं, की वाचत नाही. आणि मोबाईल कायम हातात असायचा.

आधी मी वेळ ठरवून दिली. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत मोबाईल, मग पुस्तक. एक दिवस डाळ लावून मी म्हशीला पाणी पाजायला गेले. परत आले, धार काढली, गोठा झाडला, तरी शिट्टी नाही. जाऊन बघते तर पोरानं गॅस इतका बारीक केलेला, की विझलाय का पेटलाय ते वाकून बघावं लागलं. त्या दिवशी आम्ही जेवलो तेव्हा शेजारच्यांची भांडी घासून झाली होती.

मग लपवायला लागले. ज्वारीच्या कोठीत, गोधड्यांच्या घडीत, देवाच्या फळीमागं. पोरगी आजीच्या बटनाच्या मोबाईलवरून नंबर लावायची आणि दोघं बहीणभाऊ भिंतींना कान लावत घरभर फिरायचे. रिंग आरतीची होती. कोठीतून आरती ऐकू आली तेव्हा आत्याबाईंनी उठून कोठीला हात जोडले. मग मी रिंग बंद करायला शिकले. त्यानंतर दोन दिवस मोबाईल मलाच सापडला नाही.

शेवटी जाऊबाईंकडं ठेवला. लेकरं अर्ध्या तासात रडून घेऊन आली. जाऊबाईंचं म्हणणं असं, की वस्तू तुमची, लेकरं तुमची, मी कोण अडवणारी.

त्यांचं बोलणं मला रात्रंदिवस आठवत राहिलं. आपली वस्तू आहे तोवर कुणीही परत देणारच. मग मला गावातल्या किराणा दुकानाच्या काकू आठवल्या. त्या भांडीकुंडी, पैंजण असं ठेवून घेऊन पैसे देतात. आत्याबाईंनी एकदा माझ्या लग्नातली समई त्यांच्याकडं ठेवली होती. ऐन पाडव्याला एका दिवसापुरती मागितली, तरी काकूंनी दिली नव्हती. रडून काही मिळेल अशी ती जागा नव्हती.

काकूंनी विचारलं, किती पाहिजेत. मला पैसे नकोच होते. पण पैसे न घेता गहाण कसं ठेवणार? चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, तिथं तर मागं दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी दोन हजार म्हणाले. शेकडा तीन रुपये महिना, म्हणजे महिन्याला साठ. दिवसाला दोन रुपये पडले. दोन रुपयांत लेकराला अभ्यासाला कोण बसवतं, असं म्हणून मी मनाची समजूत घातली. मोबाईल चालू आहे का ते बघायला काकूंनी लॉक विचारलं, ते मी काचेवर बोटानं रेघ ओढून दाखवलं. पैसे घरी आणून देवाच्या फळीवर डब्यात ठेवले आणि आत्याबाईंना, लेकरांना एवढंच सांगितलं की मोबाईल गहाण पडला.

लेकरं त्याच दिवशी दुकानात जाऊन रडून आली. काकू म्हणाल्या म्हणे, पैसे आणा, मोबाईल न्या. दोन दिवस घरात सुतक असल्यासारखं होतं. तिसऱ्या दिवशी पोरगा पुस्तक घेऊन बसला आणि मोठ्यानं वाचायला लागला. काय वाचतोय ते मला कळत नव्हतं. मी भाकरी थापत ऐकत होते.

पण गावाला गहाणाची बातमी लागली. जाऊबाईंनी डाळ आणून दिली. सिरसाळ्याहून माझा भाऊ मोटारसायकलला अर्धं पोतं गहू बांधून आला आणि चहाला नको म्हणाला, कारण साखर खर्च होईल. ह्यांना दारू लागली असंही कुणीतरी पसरवलं. ह्यांनी आजवर सुपारीसुद्धा खाल्लेली नाही. मी कुणाला काय सांगणार होते? व्याजानं पैसे आणलेत आणि ते डब्यात पडून आहेत, यापेक्षा दारूची गोष्ट लोकांना खरी वाटली असती.

तिकडं दुकानात वेगळंच चाललं होतं. काकूंनी मोबाईल आधी नुसता चार्ज करायला लावला, मग जरा बघितला, मग स्वतःच्या पैशानं रिचार्ज मारला. मी व्याज द्यायला जायची तेव्हा मोबाईल गुळाच्या ढेपेला टेकवलेला असायचा आणि काकू त्यात कुणाच्या तरी सुनेचं भांडण बघत असायच्या. मी साखर मागितली तर मीठ बांधून दिलं. दर वेळी म्हणायच्या, मुद्दलाची घाई करू नको, बाई.

एका दुपारी त्यांची खरी सून आमच्या दारात आली. इकडंतिकडं बघून म्हणाली, "ताई, तुमी ते पैसे फेडा बरं. सासूबाई तागडीकडं बघतच न्हाईत. लोकं दीड किलो नेतात अन् एकाचे देतात."

मी म्हणाले आत्ता जमत नाही.

"मी देते तुमाला दोन हजार," ती म्हणाली. "त्यांना सांगू नका. सवडीनं द्या मला."

म्हणजे ज्यांचं देणं, त्यांच्याच घरातून फेडायला पैसे मिळत होते. मी मान खाली घालून नाही म्हणाले. ती मला लई गर्वाची समजून निघून गेली.

असे चार महिने गेले. चिंचा फोडायचं काम आलं तसं आत्याबाई आणि मी अंगणात बसून किलोवर फोडायला लागलो. पोरगाही शाळेतून आल्यावर दगड घेऊन बसायचा. त्याचे पैसे तो कंपासपेटीत ठेवायचा. मला वाटलं, मोबाईल सोडवायला साठवतोय. तो अर्धीच भाकरी खायचा आणि भूक न्हाई म्हणायचा. मला वाटलं, चिंचा खाऊन भूक मरत असेल.

एका संध्याकाळी ह्यांचा फोन नेहमीसारखा आत्याबाईंच्या मोबाईलवर आला. आत्याबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावलेला असतो. गावाकडचं कुणीतरी कारखान्यावर भेटलं होतं आणि सगळं मीठमसाला लावून सांगून गेलं होतं.

"माय, हिला सांग," हे म्हणाले, "मी उद्या मुकादमाकडून पाच हजार उचल घेतो. मोबाईल सोडवा अन् घरात किराणा भरा."

माझ्या हातातली चिंच तशीच राहिली. उचल घेतली की पुढचा हंगामही त्याच मुकादमाकडं. यंदाचं शेवटचं, पुढच्या वर्षी घरी राहून दुधाचं बघायचं, असं आमचं दिवाळीला ठरलं होतं. माझ्या खोट्या देण्यापायी खरं देणं अंगावर येत होतं.

मी आत्याबाईंच्या हातातून मोबाईल घेतला. "उचल घेऊ नका. पैसे घरात हायेत."

"कुठले?"

"काकूंकडून घेतलेले. तसेच हायेत."

पलीकडं त्यांनी ट्रॅक्टर बंद केला.

"मग मोबाईल कावून गहाण ठेवला?"

"ठेवायचाच होता. पोरगं वाचत न्हवतं."

आत्याबाईंनी मला ते परत मोठ्यानं सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "म्हंजे साठ रुपये महिना नुसता तो सांभाळायला? आगं, म्हैस सांभाळायला बी इतके घेत न्हाई कुणी."

हे तिकडं हसायला लागले, ते ठसका लागेपर्यंत. आत्याबाईही हसल्या. भाऊ हसतोय का ते बघून मग हसायचं, म्हणून पोरगी त्याच्याकडं बघत राहिली. पोरगा हसला नाही. घरात जाऊन त्यानं कंपासपेटी आणली आणि माझ्यापुढं उघडली. तीनशे दहा रुपये होते.

"हे मोबाईलचे न्हाईत," तो म्हणाला. "मामाचा गहू सरल्यावर आणायला ठेवले होते."

मला अर्धी भाकरी आठवली. हात चिंचेनं चिकट झाले होते, डोळेही पुसता येईनात. मी त्याला खरं ते सांगितलं, की तुझं पुस्तक मला येत नाही, तू वाचतो का नाही ते मला कळत नाही, म्हणून मी असं केलं.

"मग मला विचारायचं ना, मम्मी. मी समजून सांगितलं असतं."

एवढं बोलून तो परत चिंचा फोडायला बसला. त्या रात्री मी वाढलेल्या दोन्ही भाकरी त्यानं खाल्ल्या.

सकाळी आम्ही दोघं दुकानात गेलो. मोबाईलमध्ये त्या सुनेचं भांडण अगदी रंगात आलं होतं. काकू म्हणाल्या, आजच काय घाई हाय, महिना भरू दे की. पोरगा म्हणाला, महिना कालच भरला. मी नोटा पुढं केल्या. नोटांना गुंडाळलेला रबर काकूंचाच होता, पैसे दिले तेव्हाचा. त्यांनी तो ओळखला आणि माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात आतून त्यांची सून पदराला हात पुसत आली. काकूंच्या आधी तिनंच नोटा उचलल्या, दोनदा मोजल्या, गल्ल्यात टाकल्या आणि मोबाईल माझ्या हातात दिला. मुद्दल दोन हजार आणि सरल्या महिन्याचे साठ, सगळे फिटले.